अर्ध्या वजनाचं जग

"वन्सं, माणूस श्वास रोखून किती वेळ काम करू शकतो?"

त्रिशलानं हे विचारलं तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते. आमटीत मीठ किती घालू, असं विचारावं तितक्या सहज तिनं विचारलं. पण गेल्या दीड वर्षात त्या बाईनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"नुसतं बसून, की कष्टाचं काम करत?" मी विचारलं. सगळा जन्म कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात गेला, त्याची ही खोड. समोर माणूस बुडत असला तरी आम्ही आधी पाणी किती खोल आहे ते विचारणार.

"कष्टाचं. दोरानं खाली उतरायचं, ओझं बांधायचं, पुन्हा वर यायचं."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"कशाला हवंय तुला?"

"गोष्टीला," ती म्हणाली. "नवं जग बांधायला घेतलंय."

त्रिशला माझ्या धाकट्या भावाची, भूपालची बायको. आमचं घर कृष्णाकाठचं, पिढ्यान्‌पिढ्या हळदीच्या व्यापारातलं. अंगणात झाडू मारला तरी पिवळी धूळ निघायची. अशा घरात ही बाई विज्ञानकथा लिहायची. दिवाळी अंकांत त्या छापून यायच्या. भावकीतल्या बायका म्हणायच्या, एकच पोर, हाताशी माणसं, मग सुचतात असले उद्योग. त्रिशला हसून सोडून द्यायची. पण लिहिण्याच्या बाबतीत तिचा नेम कडक. परग्रह असो की समुद्राचा तळ, तिथली हवा, ऊन, वजन, सगळं खऱ्या विज्ञानाला धरून हवं. त्यासाठी माझी परीक्षक म्हणून नेमणूक झालेली, बिनपगारी.

घरात एक रिवाजच पडला होता. गोष्ट पुरी झाली की ती सोप्यात बसून मोठ्यानं वाचायची आणि आम्ही चुका काढायच्या. चूक पटली की ती मुकाट्यानं ते पान फाडायची. भूपाल मॅट्रिकला विज्ञानात गचकलेला, पण चुका काढण्यात तो माझाही बाप. एकदा तिनं मंगळावर वस्ती वसवली. हवा, पाणी, वीज, सगळा हिशेब मी तपासून दिला. भूपालनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तिथं मढी कशी जाळायची? तुमची मोजून ठेवलेली हवा सगळी एका सरणालाच जाईल की." त्रिशला आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू चूक माझी. मग तिनं शेवटच बदलला. तो फार चांगला झाला.

हे सगळं सन्मती होता तेव्हाचं.

सन्मती त्यांचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, सुट्टीला आला होता. आमच्याकडे तेव्हा हळद पेवात साठवायचे. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड आणि आत हंड्यासारखं पोट, दोन पुरुष खोल. बंद पेवात हवा कोंडून विषारी होते. हळद श्वास घेते, प्राणवायू संपवते आणि जड वायू तळाशी साचतो. म्हणून पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं आणि मग कंदील सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तर माणसानं उतरायचं. सन्मतीनं कंदील सोडला होता. जळतही होता. पण अर्धी हळद आधीच काढलेली. कंदील ढिगाच्या माथ्यावर टेकला आणि पोरगा ढिगावरून उतरून पलीकडच्या खोलगट बाजूला गेला.

भूपाल सांगायचा ते एवढंच, की तो ओसरीवर पाहुण्यांशी बोलत बसला होता. उठून पेवाकडे गेला तर आत पोरगा निपचित. हा ओरडला, न्याहारीला बसलेले हमाल धावत आले, हा उतरायला निघाला तर चौघांनी धरून ठेवला. बरोबरच केलं त्यांनी. असं एकामागे एक उतरून एका घरातले तिघे गेल्याचं आमच्या भागात सगळ्यांनी ऐकलेलं. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? "बाप काठावर उभा राहिला" हे वाक्य महिन्याभरात माझ्या शेजारणीपर्यंत येऊन पोचलं. त्रिशलाच्या कानावर ते केव्हा गेलं मला माहीत नाही. ती नवऱ्याशी भांडली नाही, रडलीही नाही फारशी. नुसती बोलायची थांबली. निपाणीचा तिचा भाऊ दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, चल माझ्याकडे. ती नाही म्हणायची नाही आणि हो पण म्हणायची नाही.

"त्रिशला," मी म्हणाले, "ही कसली गोष्ट आहे ते मला सरळ सांग."

तिनं गॅस बारीक केला आणि माझ्यासमोर खाली बसली.

"मला एकच ठरवायचंय, वन्सं. हे उतरले असते तर त्याला वर आणता आलं असतं का? आलं असतं, तर मी या घरात राहणार नाही. नसतं आलं, तर पुन्हा कधी मनातसुद्धा आणणार नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

"मग गोष्ट कशाला? सरळ गणित मांडू."

"सरळ गणितात सन्मती आहे. माझा हात चालत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा घालते, तिसऱ्याच जगात. तिथं मला हिशेब करता येईल."

मी गवार बाजूला सारली आणि कागद मागितला.

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही दोघी बसायला लागलो. आधी तिनं आपल्यासारखंच जग घेतलं. दऱ्याखोऱ्यांत जड वायू साचलेला, वस्त्या सगळ्या डोंगराच्या कुशीला, खाली उतरायचं तर कंदील सोडून. तिथं एक पोरगा दरीच्या खड्ड्यात उतरतो आणि पडतो. बाप काठावर. मी आकडे दिले. छातीत धडधड असताना, जिवाच्या भीतीनं, कष्टाचं काम करणारा माणूस मिनिटभरच्या वर श्वास धरू शकत नाही. दोरानं उतरायला अर्धा वेळ जातो. त्यात वाढलेल्या पोराचं सगळं शिथिल अंग उचलायचं, दोर काखेतून घालायचा, गाठ मारायची. तेवढ्यात श्वास सुटतो. आणि त्या हवेतले दोन श्वास पुरे होतात.

"मग बापही तिथंच राहतो," ती म्हणाली.

"राहतो."

तिनं हे दोनदा लिहून काढलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "वजन कमी करून बघू या."

मग आम्ही तो ग्रह हलका करायला लागलो. तेही सोपं नव्हतं. ग्रहाची ओढ कमी केली की हवा उडून जाते, म्हणजे जगच संपलं. मग मी सुचवलं की ग्रह आकारानं मोठा घे, पृथ्वीच्या दुप्पट, पण आतून दगड-लोखंड कमी आणि पाणी-बर्फ जास्त. मग वर उभ्या माणसाचं वजन निम्मं भरतं आणि हवाही टिकते. तिला हे इतकं आवडलं की ती कितीतरी दिवसांनी उठून माझ्यासाठी चहा करायला गेली. खोल पाण्यातून बुडबुडे वर येतात, तोच तो जड वायू. वारा कमी, म्हणून तो खड्ड्यांतून हलत नाही. सगळं बसलं. त्या अर्ध्या वजनाच्या जगात आम्ही बापाला पुन्हा उतरवला. पोरगा निम्म्या वजनाचा, बाप स्वतःही निम्म्याचा. तो एका श्वासात खाली गेला, पोराला खांद्यावर टाकलं आणि वर आला. काठावर येऊन दोघं खोकत पडले.

त्रिशलानं पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे पृथ्वी अर्धी हलकी असती तर आणला असता त्यांनी," ती म्हणाली. "आपल्या जगात नसता आला. म्हणजे त्यांची चूक नाही, वन्सं."

"नाहीच," मी म्हणाले. मला वाटलं, सुटले सगळे. भूपालही सुटला, हीपण सुटली. मी घरी जाताना बसवेश्वराच्या देवळापाशी पेरूवाल्याकडून पेरू घेतले आणि रस्त्यात एक खाल्लासुद्धा. इतकी मी खूश होते.

गोष्ट पुरी झाल्यावर तिनं ती वाचायची ठरवली, पूर्वीसारखी, सोप्यात, रविवारी दुपारच्या जेवणानंतर. मला म्हणाली, "तोंडानं सांगायला मला जमणार नाही. वाचलं की त्यांना कळेल." भूपालला मीच आणून बसवला. तो दीड वर्षात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. खांबाला टेकून, मान खाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला.

त्रिशला वाचायला लागली. मग तो ग्रह आला, त्याचं पांढरं आभाळ आलं, लांब लांब पावलं टाकत चालणारी माणसं आली. दरीत दोर सोडायचा प्रसंग आला तेव्हा भूपालनं मान वर केली.

"थांब," तो म्हणाला. "तिथं दोर कशाचा करत्यात? अंबाडी उगवंल व्हय त्या थंडीत?"

त्रिशलाला हसू आलं. मी देवाला हात जोडले, मनातल्या मनात.

"शेवाळाचा," ती म्हणाली. "पाण्याखालच्या लांब शेवाळाचा. वळून करतात."

"मग भिजला की घसरंल. गाठी मारायला पायजेत."

"मारते गाठी." तिनं पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं. "पुढं ऐका."

भूपाल सरसावून बसला. त्याचा चेहरा, कसं सांगू, पूर्वीचा दिसायला लागला होता. त्रिशला वाचत होती: पोरगा खड्ड्यात उतरला. बाप वर, पाठमोरा, दुसरा दोर वळत बसलेला. पोरगा तळाशी पोचला आणि विझल्यासारखा पडला, तोंडातून अक्षर न काढता. बापाला काही कळलंच नाही. तो सहज वळला, तेव्हा...

"हितं चुकलंय," भूपाल म्हणाला.

तो पूर्वीच्याच तोऱ्यात म्हणाला. चूक सापडल्याचा आनंद होता त्यात.

"काय चुकलं?"

"असा एकदम न्हाई पडत माणूस. आधी हाक मारतोय. एकदा न्हाई, दोनदा. आणि आवाज त्याचा वाटतच न्हाई. जाड येतोय, रांजणात तोंड घालून बोलल्यागत. आपल्याला वाटतंय, नकला करायलाय पोरगं..."

तो थांबला.

शेजारी कुणीतरी चटणी कुटत होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्रिशलाच्या हातातला कागद हलला नाही.

"कोण हाक मारतं?" तिनं विचारलं.

"तुझ्या गोष्टीतला पोरगा."

"माझ्या गोष्टीतला पोरगा हाक मारत नाही," ती म्हणाली.

भूपालनं माझ्याकडे बघितलं. मी कुठं बघावं मला कळेना. दाट वायूत माणूस दोन श्वासांत पडतो, हे मीच तिला सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. पण ढिगाच्या उतारावर, कडेला, हवा अर्धवट असते. तिथं डोकं गरगरतं, पाय जड होतात, धाप लागते. तिथं थोडा वेळ मिळतो.

"वन्सं," त्रिशला माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाक मारता येते तोवर माणसाला दोर धरता येतो?"

"त्रिशला, आता हे..."

"धरता येतो का?"

"आक्का, सांग तिला," भूपाल म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की मला त्याची भीती वाटली.

"येतो," मी म्हणाले.

दोर पेवाच्या तोंडाशीच पडलेला होता त्या दिवशी. मी स्वतः बघितला होता. खाली उतरायची कुणालाच गरज नव्हती. श्वास रोखायची नाही, वजन निम्मं करायची नाही, नवा ग्रह बांधायची तर नाहीच नाही. वरून एक टोक फेकलं असतं तर झालं असतं.

"काय म्हणाला तो?" त्रिशलानं विचारलं.

"आप्पा म्हणाला. नुसतं आप्पा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, आलो रे." भूपालनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बसूनच म्हटलं. मला वाटलं, गंमत करायलाय. तुला ठाऊक हाय की तो किती वात्रट होता. पाहुण्यांसमोर मला चिडवायला असला आवाज काढत असंल, असं वाटलं. पाहुणेबी हसले."

"मग उठलात."

भूपालनं मान पुन्हा खाली घातली.

"मग उठलात ना?"

"लगीच न्हाई," भूपाल म्हणाला.

"का?"

आम्हा दोघा बहीणभावांची आई लहानपणीच गेली. भूपालला मी अंगाखांद्यावर वाढवलाय. तो खोटं बोलणार असला की डावा कान चोळतो. मी त्या कानाकडे बघत राहिले. चोळ बाबा, म्हणत होते मनात. या एका वेळी चोळ.

त्यानं हात गुडघ्यांवरून हलवले नाहीत.

"पाहुण्यांना गोष्ट सांगत होतो," तो म्हणाला. "तुझी. ती बर्फाखालच्या समुद्राची. नुकताच अंक आला होता तवा. माझी बायको लिहितीया म्हटलं, तर ते म्हणाले, सांगा की मग. निम्मी सांगून झाली हुती. शेवट राहिला हुता, त्रिशला. तो मधी तोडला असता तर त्याची सगळी मजा गेली असती. तूच म्हणायचीस. शेवट सांगितला आणि उठलो."

मला वाटलं, आता ही किंचाळेल. माझं काही चुकायचं असेल तर चुको, पण मला तेव्हा तिनं किंचाळावं असंच वाटत होतं. तिनं मांडीवरचे कागद एकावर एक नीट ठेवले, कडा जुळवल्या.

"आवडली का त्यांना?" तिनं विचारलं.

"व्हय," भूपाल म्हणाला. "डोळ्याला पाणी आलं त्यांच्या."

त्यानंतर मला वाटलं होतं ती निपाणीला जाईल. तिनंच तसं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिची पिशवी भरायला म्हणून गेले तर ती नेहमीसारखी ओट्यापाशी उभी. भाऊ आला, त्याला जेवायला घालून तिनं परत पाठवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गोष्ट छापायला गेली नाही. नंतर एकही गेली नाही. अंकांचे संपादक दोन दिवाळ्या विचारत राहिले, मग तेही थांबले. पेव बुजवून टाकलं, त्या जागी आता पत्र्याचं गोडाऊन आहे. भूपाल तिच्याशी बोलायचा, ती ऐकून घ्यायची. औषधं वेळेवर द्यायची, सणाला पुरणपोळी करायची, देवळात त्याच्या दोन पावलं मागं चालायची. गावातले लोक म्हणायला लागले, बाई मोठ्या मनाची, नवऱ्याला सांभाळून घेतलं.

एकदा भूपाल माझ्याकडे आला. चप्पलही न काढता उंबऱ्यातच बसला आणि रडायला लागला. "तिला सांग, आक्का," म्हणाला. "जा म्हणावं. शिव्या दे म्हणावं, चार लोकांत तोंड काळं कर म्हणावं. तिनं वाढलेलं मला गिळवत न्हाई आता."

मी गेले. तिला त्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. खडे बाजूला काढणं तिनं थांबवलं नाही.

"मी कुणाला शिव्या देऊ, वन्सं?" ती म्हणाली. "तुम्ही दोन श्वास म्हणालात, आणि मी लगेच धरून बसले. एकदाही विचारलं नाही, की कडेला काय होतं. मी सगळं विचारते तुम्हाला. माती विचारते, ऊन विचारते, दोर कसला ते विचारते. तेवढंच नाही विचारलं." तिनं सूप झटकलं. "सन्मती मुकाट पडणारा पोरगा नव्हता. त्याला साधा काटा रुतला तरी गल्लीभर हाक जायची. मला माहीत होतं ते. मी त्याला मुकाट पाडला."

मग तिनं घड्याळाकडे बघितलं आणि भूपालचं ताट वाढायला घेतलं.